बसरामिस्त्री

बसरामिस्त्री कुणाच्याही घरी गेले, की आधी दाराची चौकट वाजवत आणि मग माणसांना रामराम घालत. वाजवत म्हणजे मधल्या बोटाचं पेर दुमडून चौकटीवर दोन-तीन ठिकाणी टकटक करत, मान जराशी कलती करून ऐकत, आणि मगच आत पाऊल टाकत. खाटेवर बसण्याआधी खाट वाजवत, गाडीत बसण्याआधी जू आणि दांड्या वाजवत. एकदा एका लग्नात मांडवाची मेढ वाजवून त्यांनी भर पंगतीत मुलीच्या बापाला सांगितलं, "ही आतून खाल्लीय. भार दुसरीवर घ्या." मेढ काढून पाहिली तर खरंच आतून पोखरलेली होती. मुलीचा बाप पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही.

मी त्या गावात मुदर्रिस, म्हणजे शाळामास्तर, म्हणून गेलो तेव्हा वीस वर्षांचा होतो. गाव लिंबागणेशपासून दोन कोसांवर, माळावरचं. निजाम सरकारचा अंमल. शाळा मारुतीच्या देवळामागच्या एका खोलीत. पुस्तकं उर्दूत, आणि मुलं घरी मराठीच बोलणारी. नोकरी नवी, गाव अनोळखी, आणि हातानं स्वयंपाक करायचा मला भारी कंटाळा. शाळेचा फळा ठोकायला मिस्त्री आले, चुलीवरची माझी करपलेली भाकरी त्यांनी पाहिली आणि फळा ठोकून झाल्यावर म्हणाले, "मास्तर, सांजच्याला आमच्याकडं या. काकू लई वाट बघायला लावत न्हाई." तेव्हापासून माझं रात्रीचं जेवण त्यांच्याकडे सुरू झालं. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या बायकोला सगळे काकूच म्हणत. त्या मला कधी मास्तर म्हणत, कधी बाबा म्हणत.

मिस्त्री जातीनं सुतार. तरुणपणी औरंगाबादच्या छावणीत गाड्यांची चाकं करायला गेले होते. पहिली मोठी लढाई लागली तेव्हा तिथल्या सुतारांना गोळा करून बोटीत बसवलं आणि बसऱ्याला नेलं. घोडागाड्या दुरुस्त करायच्या आहेत, एवढंच सांगितलं होतं. नदीकाठच्या एका मोठ्या पत्र्याच्या शेडात नेलं तर समोर विमान उभं.

"आमाला वाटलं, ह्यो गोऱ्यांचा थोरला पतंग हाय," मिस्त्री सांगत. "आतून लाकडाचा सांगाडा, वरून कापड ताणलेलं, आन् मधी सगळ्या तारा. म्हणलं, ह्याच्यात बसून माणूस वर जातो? तर जात होता. आन् आमी खाली मान वर करून बघत बसायचो, परत येतंय का न्हाई."

तिथे ते तीन वर्षं पंखांचे मिस्त्री होते. इंजिनाला हात लावायची त्यांना मुभा नव्हती आणि हौसही नव्हती. मोडलेल्या फासळ्या बदलायच्या, आतला लांब वासा तपासायचा, कापड ताणून शिवायचं आणि त्यावर रोगण चढवायचं, हे त्यांचं काम. त्या रोगणाला पिकल्या केळ्यासारखा वास येई. बंद शेडात दिवसभर तो वास घेऊन डोकं गरगरायचं, काही जण ओकायचे. पुढे आयुष्यभर मिस्त्रींनी केळं खाल्लं नाही. सत्यनारायणाच्या प्रसादातलं केळंसुद्धा ते कपाळाला लावून शेजारच्याला देत.

"दिसतंय ते कापड. लाकूड आत हाय," हे त्यांचं नेहमीचं बोलणं. गावात कुणी कुणाची फार स्तुती केली, नव्या पाटलाचं कौतुक केलं, सोयरिकीसाठी आलेल्या मुलाचं घर किती मोठं ते सांगितलं, की मिस्त्री एवढंच म्हणत. लोकांना ते कुजकट वाटायचं. मलाही सुरुवातीला वाटलं होतं.

हे बोलणं कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही एखाद्या नांगराबद्दल सांगावं तितक्याच सपाट आवाजात. बसऱ्याच्या उन्हात लाकूड तडकायचं आणि सांध्यांतला सरस वाळून सुटायचा. एके दिवशी एका विमानाचा पंख त्यांनी वाजवला, तर एका जागी आवाज बसका आला. वरचं कापड नवंकोरं होतं. त्यांनी आपल्या गोऱ्या मुकादमाला सांगितलं, कापड उघडून बघू. तो म्हणाला, वेळ नाही, विमान आत्ता जायचं आहे. कागद पुढे केला आणि मिस्त्रींनी अंगठा उमटवला. विमान वर गेलं आणि खजुराच्या झाडांवरून वळताना त्याचा तोच पंख दुमडला.

"लाकूड गोळा करायला आमालाच धाडलं," मिस्त्री म्हणाले. "मोडलेल्या जागी निम्मं लाकूड पांढरं होतं आन् निम्मं काळं. काळं म्हणजे आधीचं मोडलेलं. त्यात बसलेला साहेब तुमच्याच वयाचा आसंल." मग काकूंना म्हणाले, "मास्तरला अजून कालवण वाढ."

मी तिथे गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, फाल्गुनात, ज्वारीची रानं मोकळी झाली होती तेव्हा, गावाच्या वरच्या माळावर एक विमान उतरलं. गोऱ्या फौजेचं होतं. त्याआधी गावानं विमान पाहिलंच नव्हतं, आभाळातही नाही. शाळा आपोआप सुटली. मी माळावर पोचलो तोवर निम्मं गाव गोल करून उभं होतं आणि पुढे जायची कुणाची छाती नव्हती.

विमानात दोघे होते. मागे बसलेल्या माणसाचा उतरतानाच्या हिसक्यानं हात मोडला होता. त्याला पाटलांनी गाडीत घालून बीडला दवाखान्यात पाठवलं. दुरुस्तीचं काम जाणणारा नेमका तोच होता. राहिला तो चालवणारा साहेब, तिशीच्या आतला, उन्हानं नाक सोललेला. छावणीतलं मोडकंतोडकं हिंदुस्तानी बोलायचा. इंजिनाला पाणी पुरवणारी रबरी नळी फुटल्यामुळे त्याला उतरावं लागलं होतं. नवी नळी त्याच्या पेटीत होती, ती त्यानं स्वतःच बसवली. पण उतरताना एक चाक बांधावर आदळलं होतं आणि खालच्या पंखाचं टोक मातीला घासलं होतं. कापडाला नुसतं खरचटलं होतं.

तेवढ्यात आमच्या तालुक्याचे तहसीलदार घोड्यावरून आले. दौऱ्यावर शेजारच्याच गावी त्यांचा मुक्काम होता. साहेबाची बडदास्त आपल्या हद्दीत नीट व्हावी, आणि साहेब लवकर आपल्या हद्दीबाहेर जावा, अशा दोन्ही काळज्या त्यांच्या चेहऱ्यावर होत्या. मला उर्दू येतं म्हणून त्यांनी मला दुभाष्या म्हणून उभं केलं. मीच पुढे होऊन म्हणालो, "हुजूर, आमच्या गावात विमानाचा मिस्त्री आहे."

हे मी फुशारकीनं बोललो. माझ्या फुशारकीत मिस्त्रींना का ओढलं, हा प्रश्न पुढे मी स्वतःला पुष्कळदा विचारला.

मिस्त्रींना बोलावणं गेलं. ते बसऱ्याचा कागद घेऊन आले, घडीवर फाटलेला. साहेबानं तो वाचला, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि हात पुढे केला. गोऱ्या माणसानं सुताराचा हात हातात घेतला, हे त्या दिवशी विमानापेक्षा जास्त लोकांनी घरी जाऊन सांगितलं. मग साहेब म्हणाला, "मिस्त्री, तुम देखो. पंख देखो."

मिस्त्रींनी जोडे काढले. विमानाभोवती एक फेरी मारली, तारा बोटानं छेडल्या, आणि मग खालचा पंख मुळापासून टोकापर्यंत वाजवत गेले. टोकापासून दोन हात अलीकडे थांबले. पुन्हा वाजवलं. मला हाक मारली. "मास्तर, कान लावा. हितं ऐका, आन् मग हितं ऐका."

मी कान लावला. पहिल्या जागी आवाज भरीव आला, टणक. दुसऱ्या जागी बसका, कुणीतरी आतून हात धरल्यासारखा. फरक इतका स्पष्ट होता की माझ्यासारख्या खडू धरणाऱ्यालाही कळला. मी त्यांच्यापुरतं हळूच म्हणालो, "वेगळा आहे."

मिस्त्री साहेबाला म्हणाले, "साहब, अंदर की लकडी टूटी है. एक हात कपडा खोलना पडेगा."

साहेबानं स्वतः ठोकून पाहिलं. त्याला काही कळलं नाही. त्याला संध्याकाळच्या आत सिकंदराबादेला पोचायचं होतं. कापड उघडलं तर शिवून, रोगण वाळून निघेपर्यंत दुसरा दिवस उजाडणार. तो म्हणाला, नाही, ठीक आहे, मी जातो. तहसीलदार ताबडतोब म्हणाले, ठीकच आहे. मिस्त्रींनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तहसीलदारांनी त्यांना गप्प बसवलं. साहेबासाठी आंब्याच्या सावलीत जेवण मांडलं होतं, तिकडे सगळे गेले.

मी मिस्त्रींजवळ राहिलो. ते पंखाकडे पाहत होते. मी म्हणालो, "मिस्त्री, चला आता. तुम्ही सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. आता तुमच्याकडे काय दोष?"

"बसऱ्यालाबी आसंच म्हणलो होतो मनाला," ते म्हणाले. कमरेची सुरी काढली आणि पंखाचं कापड हातभर चिरलं.

त्या आवाजानं सगळे धावत आले. मिस्त्री चिरेत हात घालून वासा चाचपत होते. मग दोन्ही कडा फाकवून त्यांनी आत पाहिलं. साहेबानंही वाकून पाहिलं. मीही पाहिलं. वासा सरळ होता. एक तडा नव्हता, एक चीर नव्हती. पिवळंधमक, निरोगी लाकूड.

साहेबाचा चेहरा लाल झाला. तो सरळ उभा राहिला. मग म्हणाला, "तुम गलत था."

"हां साहब," मिस्त्री म्हणाले. "गलत था. अब मालूम है."

तहसीलदारांनी पुढे होऊन त्यांच्या थोबाडीत मारली. मुंडासं खाली पडलं. मिस्त्रींनी ते उचललं नाही, हात पंखात होता तसाच ठेवला. मग तहसीलदार माझ्याकडे वळले. "मुदर्रिस, तुम यहीं थे. क्या तुमने भी आवाज सुनी?"

सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं. मिस्त्री पाहत नव्हते. मी म्हणालो, "जी नहीं हुजूर. मैंने कुछ नहीं सुना."

साहेबाच्या पेटीत कापडाचे तुकडे, दोरा आणि रोगणाचा डबा होता. मिस्त्रींनीच शिवायचं असं ठरलं. दुसरं कोण शिवणार? दोन शिपाई राखणीला बसले आणि मला डबा धरायला सांगितलं. सुई घालण्याआधी मिस्त्रींनी पुन्हा एकदा आत हात घातला, चांगला कोपरापर्यंत, आणि बोटांच्या चिमटीत एक लाकडाचा गुटका बाहेर काढला. सुपारीएवढा. वासा आणि फासळी यांच्या कोपऱ्यात आधाराला चिकटवलेला असतो तसला. हिसक्यानं त्याचा सरस सुटला होता आणि तो वाशाला टेकून पडला होता. बसका आवाज त्याचाच होता.

मला एकदम सुटल्यासारखं झालं. मी हळूच म्हणालो, "मिस्त्री, हा दाखवा ना! तुमचं खरं होतं. मी बोलावतो साहेबाला."

"कावून?" ते म्हणाले. "ह्या गुटक्यानं इमान पडलं नसतं. ह्यो नसला तरी उडतंय. मी म्हणलो, वासा मोडलाय. वासा धड हाय. मग मी चुकलोच की."

"पण आवाज तर होता."

"व्हता." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाला आलता ना ऐकू? खरं सांगा."

"आला होता."

"मग बास," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर समाधान दिसलं. "मला वाटलं, माझा कान गेला." घरून सरस मागवून त्यांनी गुटका जागेवर चिकटवला आणि शिवायला घेतलं. टाका इतका बारीक की वरून पट्टी लावून रोगण चढवल्यावर जागा सापडेना. सगळ्या माळावर पिकल्या केळ्याचा वास पसरला. मिस्त्री अधूनमधून तोंड फिरवून श्वास घेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबानं ती जागा पाहिली, अंगठ्यानं दाबली आणि "अच्छा काम," एवढंच म्हणाला. हात मात्र पुढे केला नाही. विमान माळावरून धावलं, उठलं आणि लिंबागणेशाच्या अंगानं दिसेनासं झालं. ते पूर्ण दिसेनासं होईपर्यंत मिस्त्री पाहत उभे होते. मग शिपायांनी त्यांना चावडीत नेलं. सरकारी विमान फाडलं म्हणून तहसीलदारांच्या हुकमानं त्यांना पाच दिवस तिथे बसवून ठेवलं. काकू दोन वेळा भाकरी घेऊन जात. पहिल्या दिवशी मी चावडीच्या पायरीपर्यंत गेलो आणि परत फिरलो.

मिस्त्री सुटून आले त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो नाही. दुसऱ्या दिवशी काकूंनी शेजारच्या बाईबरोबर निरोप पाठवला. मी सांगितलं, पोट बिघडलं आहे. मग सांगितलं, परीक्षा जवळ आल्या आहेत. मग मी शिकलोच भाकरी करायला. गावात काही दिवस त्यांना फाड्या मिस्त्री म्हणून चिडवत. पण पेरणी तोंडावर आली आणि नांगर-तिफणी त्यांच्याच हातून दुरुस्त व्हायच्या, तेव्हा ते नाव मागे पडलं. वाटेत गाठ पडली की मिस्त्री म्हणत, "काय मास्तर, बरं हाय?" मी म्हणे, "बरं आहे." ते क्षणभर उभे राहत. मी घाईत असे.

पुढच्या वर्षी माझी बदली माजलगावला झाली. मी खटपट केली नव्हती. पण झाली तेव्हा बरं वाटलं, हे खोटं नाही. निघायच्या दिवशी मिस्त्री कामाला परगावी गेल्याचं कळलं होतं, म्हणून मी तोच दिवस धरला.

माजलगावला माझं लग्न झालं, मुलं झाली. आठ-नऊ वर्षं गेली. त्या गावचा एक माणूस बाजारात भेटला. म्हणाला, मिस्त्री गेले. दोन पावसाळे खोकला होता, छातीतून नुसतं शीळ घातल्यासारखं वाजायचं. शेवटी शेवटी कामावर जाववत नव्हतं, तेव्हा लोक लाकूड त्यांच्या खाटेजवळ आणून ठेवत आणि ते पडल्या पडल्या वाजवून सांगत, घ्या किंवा नका घेऊ.

मी दोन दिवसांची रजा काढून गेलो. काकूंनी मला लगेच ओळखलं. घरात तेच सगळं होतं, फक्त हत्यारांची पेटी दिसली नाही. ती त्यांनी भाच्याला देऊन टाकली होती. काकूंनी चहा केला. मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग बोलायचं ते बोललो. म्हणालो, "काकू, त्या दिवशी माळावर मी खोटं बोललो. आवाज मलाही आला होता. तहसीलदारांपुढे माझी जीभ वळली नाही."

"म्हाईत हाय मला," काकू म्हणाल्या. "चावडीतून आल्या आल्या सांगितलं व्हतं त्यांनी. म्हणले, पोराची नोकरी नवी हाय, घाबरलं. आपुन चुकलोच व्हतो, त्यानं हो म्हणलं आसतं तर त्यालाबी माझ्यासंगं चावडीत बसवलं आसतं. बरं झालं न्हाई म्हणला ते."

मी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. इतकी वर्षं उराशी बाळगलेलं ओझं ह्या बाईनं एका वाक्यात उतरवलं.

काकूंनी माझ्यापुढची रिकामी कपबशी उचलली. उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पर बाबा, तुमी जेवायला येनं कावून सोडलं? त्ये त्यांना लई लागलं. वरीसभर त्ये ताट घ्यायच्या आधी दारात जाऊन उभे ऱ्हायचे. मी म्हणायचे, बसा आता, न्हाई येत त्यो. तर म्हणायचे, येईल, परीक्षा चालल्यात त्याच्या."